उन्नतीच्या कानांची जबाबदारी

सोमवार, ६ जानेवारी. सकाळी.

उन्नतीला एअरलाइनचं पत्र आलं. पुढच्या महिन्यापासून फर्स्ट ऑफिसर. म्हणजे पायलटच, फक्त उजवीकडच्या खुर्चीतली. तिची आई आशालता रडली. मी रडलो नाही. डोळ्यात काहीतरी गेलं होतं. दोन्ही डोळ्यांत.

लगेच निर्णय घेतला. पायलट लोक कानाला लावतात तो नॉइज कॅन्सलिंग हेडसेट तिला बापाकडून मिळणार. निवड मी करणार. उन्नती फोनवर म्हणाली, "बाबा, राहू द्या हो, माझं मी बघते." पोरगी पहिल्यापासून संकोची.

खरं तर ध्वनी हा माझा विषय. कोल्हापुरात कॉलेजला असताना मंडळाचा लाउडस्पीकर माझ्या ताब्यात असायचा. नंतर बँकेत नोकरी केली ती पोटासाठी. कान तयारच आहेत.

मंगळवार, ७ जानेवारी. दुपारी.

अभ्यास सुरू. युट्यूबवर एका अमेरिकन पायलटचे सगळे व्हिडिओ पाहिले. उच्चार कळत नव्हते, पण मुद्दा कळला. हेडसेटमध्ये बारीक माइक असतो. तो इंजिनाची घरघर ऐकतो आणि तिच्या बरोबर उलटा आवाज तयार करतो. दोन्ही आवाज एकमेकांना मारतात. शांतता.

आशालताला समजावून सांगितलं. ती म्हणाली, आपल्या घरात दोन्ही आवाज जिवंत राहतात.

तिला विज्ञानाची आवड नाही.

गुरुवार, ९ जानेवारी.

उन्नतीचा फोन. नेहमीप्रमाणे अर्धा तास आईशी, मग मला "बाबा, जेवलात का?" आज मात्र मी विषय काढला. ती म्हणाली, काही घेऊ नका, आमच्या विमानाला पाच पिनांचा एकच गोल प्लग लागतो. मी म्हटलं, हो हो. एवढा वेळ आम्ही कित्येक महिन्यांत बोललो नव्हतो. जवळजवळ तीन मिनिटं. हेडसेटचा पहिला फायदा.

नंतर मुंबईतल्या एका डीलरला फोन केला. त्याने विचारलं, "सर, विमान कुठलं?" मी म्हटलं, मोठं. तो म्हणाला, "एअरबस की बोइंग?" मी म्हटलं, दोन्ही धरून चला, मुलगी प्रगती करणार आहे. त्याने "एक मिनिट हं सर" म्हणून कोणाला तरी बोलावलं. प्रभावित झाला असावा.

प्लगचा प्रश्न आला तेव्हा त्याने दोन प्रकार सांगितले. एकात एकच प्लग, दुसऱ्यात दोन. मी दोनवाला घेतला. एक बिघडला तर दुसरा आहे. विमानाला इंजिनंही दोनच असतात, ती काय उगाच?

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत.

पार्सल आलं. काळाभोर, भरदार, तोंडासमोर वाकवता येणारा माइक. दोन पेन्सिल सेल घालून सुरू होतो, विमान लागत नाही. आरशासमोर लावून पाहिला. पायलट होणं उंचीमुळे राहून गेलं, चेहऱ्यात काही कमी नव्हतं.

उन्नतीला सांगितलं नाही. सरप्राइज.

परंतु वस्तू तपासल्याशिवाय पोरीच्या कानाला लावणार नाही. ट्रायल स्वतः घेणार.

बुधवार, १५ जानेवारी.

घरगुती ट्रायल. स्वयंपाकघरात मिक्सर, एक्झॉस्ट फॅन आणि बोअरिंगची मोटर एकाच वेळी सुरू करायला लावलं. हेडसेट चढवला. बटण दाबलं.

चमत्कार. फॅन गेला. मोटर गेली. मिक्सर लांब कुठेतरी, शेजारच्या सोसायटीत असल्यासारखा. मागे उरली फक्त आशालता. आणि तीही पूर्वीपेक्षा स्पष्ट. गेली कित्येक वर्षं जी वाक्यं मिक्सरमध्ये विरून जायची ती सगळी सुटी सुटी ऐकू आली. उन्नतीनं कमर्शियल पायलट व्हायचं म्हटलं तेव्हा मी काय बोललो होतो, तेही त्यात होतं.

मी त्या वेळी "झेपणार आहे का" असं विचारलं होतं म्हणे. तो प्रश्न होता. मत नव्हतं.

उपकरण फारच संवेदनशील आहे. नोंद केली.

रविवार, १९ जानेवारी.

गिरीजला फर्डिनंडच्या वाडीत मुख्य ट्रायल. फर्डिनंड माझ्याबरोबर बँकेत होता. आता केळी लावतो. त्याच्या विहिरीवरचा पंप इतका ओरडतो की नॅन्सीवहिनी तो सुरू असताना बाहेर येऊन बोलत नाहीत, हातवारे करतात. इंजिनाला जवळचं असं वसईत दुसरं काही नाही.

पंपाशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलो. फर्डिनंड म्हणाला, मी दुसऱ्या टोकाला पाइप बघून येतो, तू फक्त पाट भरला की पंप बंद कर. एवढंच काम.

हेडसेट लावला. पंप नाहीसा. संपूर्ण. इतका की मला वाटलं लाइट गेली. म्हणून बंद करायचा प्रश्नच आला नाही. डोळे मिटले. आपण तीस हजार फुटांवर आहोत, शेजारी उन्नती, ती काहीतरी विचारते, मी सांगतो. फार छान चाललं होतं.

मग फर्डिनंडचा आवाज आला, अतिशय स्पष्ट. "पाणी! अरे पाणी!" माणूस उन्हातून आलेला. मी उठलो, माझी बाटली घेऊन त्याच्याकडे निघालो. तेव्हा पाय ओले लागले. चपला कुठे दिसेनात.

पालक गेला, माठ गेला, पाणी नॅन्सीवहिनींच्या अंगणात शिरलं. मी फर्डिनंडला बाटली दिली. त्याने ती घेतली, उघडली आणि पायाखालच्या पाण्यात रिकामी केली. मग म्हणाला, "संग्राम, तुझी पोरगी विमान चालवते हे चांगलं आहे. तू नको चालवू."

घरी अनवाणी आलो.

निष्कर्ष: आवाज पूर्ण बंद. ट्रायल यशस्वी.

शनिवार, २५ जानेवारी.

सहनशक्ती चाचणी. पायलटला तासन्‌तास लावावा लागतो, म्हणून सकाळपासून लावून फिरतोय. चष्म्याच्या दांड्या कानामागे रुतल्या. कानशिलं ठणकतात. डीलर फोनवर पकड, पकड म्हणत होता ती हीच असावी. चांगली आहे. सुटणार नाही.

पापडीच्या बाजारात तसाच गेलो. प्लग दोन्ही खिशात. भाजीवाल्या रंभाबाईंनी विचारलं, मॅच कुठे चालू आहे? एक गृहस्थ जवळ येऊन माइकमध्ये म्हणाले, आमच्या आळीत चार दिवस पाणी नाही, हे आधी छापा. मी लिहून घेतलं. नाही म्हणता आलं नाही.

उद्यापासून टोपी घालायची. डोक्यावर हेडसेटच्या बँडचा खड्डा पडला आहे.

रविवार, २ फेब्रुवारी. संध्याकाळी.

उन्नती आली. युनिफॉर्म दाखवायला घालून आली होती. खांद्यावरच्या पट्ट्या बघून मला काही बोलायचं होतं. त्याऐवजी मी खोका पुढे केला.

तिने उघडला. आधी प्लग बघितले. मग माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू म्हणाली, "बाबा, हा आमच्या विमानाला बसत नाही."

मी म्हटलं, थोडं दाबून बघ.

मग तिने पर्समधून तिचा काढला. ट्रेनिंगमध्येच घेतलेला. पातळ, हलका, एका हाताच्या मुठीत मावेल असा. म्हणाली, जेटच्या कॉकपिटमध्ये आवाज बराच कमी असतो, म्हणून डोक्याला जड न होणारा घ्यायचा. कधी एक कान थोडा मोकळाही ठेवतो, कॅप्टन काय बोलतात ते कळायला. मी म्हटलं, मग आवाज कसा बंद होणार? ती म्हणाली, "बाबा, मला आवाज बंद नाही करायचे. टॉवर काय सांगतो ते ऐकायचंय."

मुद्दा अगदीच चुकीचा नाही. पण अनुभव कमी.

जाताना आशालतानं तिला डबा दिला. खोका सोफ्यावरच राहिला. घाईत विसरली असेल.

बुधवार, ५ फेब्रुवारी.

हरायचं नाही. एअरलाइनला ईमेल केला. विमानात पाच पिनांच्या शेजारी दोन प्लगचं सॉकेटही बसवावं, खर्च फारसा नाही, एका खिळ्याचं काम. एका ज्येष्ठ ध्वनीतज्ज्ञाची सूचना म्हणून विचार व्हावा.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी.

उत्तर आलं. माझी हरवलेली बॅग शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत. आशालता म्हणाली, सापडली तर काय करणार?

रविवार, १६ फेब्रुवारी.

उन्नतीनं स्वतः फोन केला. आणि आधी मला मागितलं. आईला नाही, मला. पुढच्या रविवारी बेंगळुरूची फ्लाइट तिच्याकडे आहे, आम्हा दोघांची तिकिटं तिने काढली आहेत. म्हणाली, "बाबा, तुम्ही याच."

संकल्प: तिच्याबरोबरच्या पहिल्या प्रवासाचा प्रत्येक शब्द कानात साठवायचा.

हेडसेट बरोबर घेणार. केबिनमधल्या आवाजाचीही एकदा तपासणी व्हावी.

रविवार, २३ फेब्रुवारी. बेंगळुरू, हॉटेलवर. दुपारी.

सविस्तर लिहितो.

विमानात सीट मधली. खिडकीशी आशालता, पलीकडे एक कानडी बाई. टेकऑफच्या आधी एअर होस्टेसनं हेडसेट काढायला लावला. मी सांगितलं, वैमानिकाचा बाप आहे. ती म्हणाली, हो सर, तरी काढा. वर गेल्यावर लावला. बटण दाबलं.

काय सांगू. इंजिन गेलं. हवा गेली. इतकी स्वच्छ शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. कालपासून धाकधूक होती, पोरगी पुढे, दीडशे लोक मागे. रात्रभर डोळा लागला नव्हता. ती सगळी धाकधूक त्या घरघरीबरोबर गेली.

जाग आली ती टाळ्यांनी. मला वाटलं उतरलो. खिडकीतून पाहिलं तर खाली ढग. पुढच्या सीटवरचे लोक वळून माझ्याकडे बघत होते. कानडी बाईंनी माझा हात धरून हलवला. इंग्रजीत म्हणाल्या, किती भाग्यवान आहात. त्यांचे डोळे पाणावले होते. आशालता रुमालात तोंड खुपसून बसली होती.

मी कानडी बाईंना विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, तुमच्या मुलीनं कॉकपिटमधून आधी इंग्रजीत तुमचं नाव आणि सीट नंबर सांगितला, मग बराच वेळ मराठीत बोलली, मला काही कळलं नाही, पण फार सुंदर होतं.

उतरताना उन्नती दारात उभी होती. टोपी काखेत. माझ्या गळ्यातल्या हेडसेटकडे तिचं लक्ष गेलं, मग माझ्याकडे. विचारलं, "बाबा, ऐकलंत ना?"

मी म्हटलं, हो. एकदम स्पष्ट.

तिने मला मिठी मारली. युनिफॉर्ममध्ये, सगळ्यांसमोर. मागे रांग खोळंबली होती.

टॅक्सीत आशालताला हळूच विचारलं, नक्की काय म्हणाली ती? आशालता बाहेर बघत म्हणाली, "तुम्ही ऐकलंत ना? एकदम स्पष्ट?"

हॉटेलात पुन्हा विचारलं. आंघोळीला गेली.

संध्याकाळी वेगळ्या पद्धतीनं विचारून बघणार. उन्नतीला विचारायची सोय नाही. मी ऐकलंय.