रबराच्या काँक्रीटवरचा भार

सर, मागच्या खोलीतला तुमचा रबर मिसळलेल्या काँक्रीटचा ठोकळा आता काढायचा म्हणतात. नव्या मशिनला जागा हवी आहे. विभागप्रमुख माझाच विद्यार्थी, भला मुलगा. बिचकतच विचारत होता, "मॅडम, अजून किती वर्षं दाबून ठेवायचा तो?" मला रागच आला. तुम्ही असता तर हसला असता.

जुन्या टायरना नवं रबर चढवणाऱ्या साताऱ्याच्या रिमोल्डिंगवाल्याकडून तुम्ही टायरचा भुगा पोत्यात भरून एसटीनं सांगलीला आणलात आणि थोड्या वाळूच्या जागी तो काँक्रीटमध्ये घातलात. ठोकळा लोखंडी चौकटीत आवळायचा, भार तोच ठेवायचा आणि वर्षानुवर्षं तो किती दबत जातो, ते गेजच्या काट्यावर बघायचं. रबरामुळे तो साध्या काँक्रीटपेक्षा जास्त दबतो. मला मात्र निष्कर्षाची घाई. "आगं पोरी, ह्यो काय वडापाव हाय व्हय, लगीच हातात द्यायला?" शिकवताना शुद्ध बोलणारे तुम्ही चिडलात की थेट गावाकडचं बोलायचात. चौकटीला कुणाचा धक्का लागला तर अंगावर धावून यायचात. दारसुद्धा हळू लावावं लागे.

आणि ती खंडेनवमी. मशिनी पुसून हळदकुंकू लावलंय, पेढे फिरतायत, आणि तुम्ही स्वतः झेंडूचा हार घेऊन मागच्या खोलीत जाता. भक्तिभावानं तो थेट गेजच्या दांडीला अडकवता. "सर, काटा हलला!" मी ओरडते. तुम्ही कपाळावर हात मारून घेता. "आयला! आता झेंडूबी मोजायचा व्हय?" मग आलेखावर आलेल्या त्या उडीशेजारी तुम्ही पेन्सिलीनं 'झेंडू' असं लिहिलंत. त्या दिवशी माझी तुमच्याबद्दलची भीती गेली. काँक्रीटही त्यानंतरच आवडायला लागलं.

तुम्ही गेल्यापासून दर शनिवारी गेजचं वाचन मीच घेते. भार काढला की ठोकळा थोडासा वर येतो, बाकी दबलेलाच राहतो, हे वर्गात दरवर्षी सांगते. म्हणजे भार काढूनही मोजण्यासारखं बरंच आहे. तुम्ही तर चौकट सैल करायला आनंदानं पाना हातात घेतला असता.

मी मात्र विभागप्रमुखाला म्हटलं, अजून एक वर्ष दे, प्रयोग अपुरा आहे. तसं काही नाही, सर. आलेख कधीच सपाट झालाय, ठोकळा आता आणखी दबतच नाही. पण शनिवारी त्या खोलीत दार लावून मी तुमच्याशी मोठ्यानं बोलते. ठोकळा गेला, तर तिथं जायला मला काही कारण उरणार नाही.