थॉर्नली मास्तरांच्या चरित्रातून गाळलेल्या पानाबाबत

प्रति,
मा. सचिव, श्रीमती नीलांबरी केळुसकर,
ग्रंथपुरस्कार समिती, मराठी वाचक मंडळ, आइंडहोवन

विषय : पुरस्कार रद्द करून समारंभात दहा मिनिटे मिळणेबाबत.
संदर्भ : आपले दि. ३ मार्चचे अभिनंदनपत्र.

महोदया,

संदर्भीय पत्रान्वये मी लिहिलेल्या एडविन थॉर्नली यांच्या चरित्रास यंदाचा पुरस्कार जाहीर झाला. पत्रात 'प्रामाणिक लेखन' असे शब्द आहेत, म्हणून हा अर्ज करणे भाग पडले.

थॉर्नली इंग्लंडमधील एका ग्रामर स्कूलमध्ये लॅटिन शिकवीत. पहिल्या महायुद्धात सैन्यात भरती होऊन ते तटस्थ हॉलंडमधील ग्रोनिंगनच्या नजरकैद छावणीत अडकले व तेथेच त्यांचे लग्न झाले. त्यांची नात योहानाबाई यांनी त्यांच्या वह्या मला विश्वासाने वाचू दिल्या. शाळा सुटल्यावर गरीब मुलांना फुकट शिकवणारा हा माणूस मला फार आवडला. माझे वडीलही मास्तर होते, हे नमूद करतो.

१९११च्या वहीत असे आहे की, परीक्षेचा पेपर चोरल्याच्या संशयावरून थॉर्नलींनी वॉल्टर पाइक या गाडीवानाच्या मुलास शाळेतून काढून टाकायला लावले. मुलगा कोळशाच्या खाणीत कामाला लागला. तीन आठवड्यांनी तो पेपर थॉर्नलींच्याच ओव्हरकोटाच्या अस्तरात सापडला. त्यांनी तो शेगडीत जाळला व कोणासही सांगितले नाही.

हे पान मी गाळले. चुकून नव्हे. त्या जागी मुलांच्या सहलीचा प्रसंग घातला (पृ. ६१), तो खरा आहे, पण त्या वर्षीचा नाही. माझी पत्नी सुरुची हिने हस्तलिखित वाचताना विचारले होते, की या सहलीनंतर मास्तर एकदम अबोल का झाले. मी विषय बदलला.

गेल्या शनिवारी न्यूनेनहून ग्रोनिंगनला जाऊन योहानाबाईंना सर्व सांगितले. आजोबांची अब्रू राखली म्हणून त्या आभार मानतील, अशी आशा मनात होती, हेही लपवत नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "ते पान आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. लिहिण्याचं धाडस कुणालाच झालं नाही. तुम्ही परके, तुम्ही तरी लिहाल म्हणून वह्या दिल्या."

त्याच रात्री घरी येऊन मी त्या पानाचा अनुवाद केला.

तरी पुरस्कार रद्द करावा, मात्र माझ्या भाषणाची वेळ कायम ठेवावी. तेव्हा मी ते पान वाचेन. योहानाबाई येणार आहेत. वॉल्टर पाइकचे नाव माझ्या दोनशे चौदा पानांत कोठेही नाही. ते आपल्या सभेत एकदा तरी मोठ्याने घेतले जावे, एवढी परवानगी असावी.

आपला अपराधी,
हरिहर देवस्थळी
न्यूनेन, दि. १७ मार्च २०२५

सोबत : वहीतील पानाची छायाप्रत व मराठी अनुवाद.