ओट्यातलं युरेनियम

हैदराबाद, ६ जानेवारी २०२५

ती. सरूमावशीस, यशोधराचा सा. न. वि. वि.

फोनवर तुझ्याशी बोलावं तर काका स्पीकर लावून मधे बसतात, म्हणून हे पत्र. उभ्यानं स्वयंपाक करायला लागल्यापासून तुझे गुडघे कुरकुरत नाहीत, हे वाचून बरं वाटलं. लग्न झाल्यापासून मागत होतीस तो ओटा अखेर मिळाला.

मी इथे प्रयोगशाळेत नक्की करते काय, असं विचारलंस. ग्रॅनाइटची पूड करते, युरेनियम विरघळलेल्या पाण्यात घालून हलवत ठेवते आणि दगडाला किती चिकटलं ते मोजते. अणुभट्टीचा कचरा खोल खडकात पुरला आणि तिथे पाणी शिरलं, तर युरेनियम कुठवर वाहत जाईल हे कळायला हवं ना. पांढऱ्या गारेला ते फारसा भाव देत नाही. काळं अभ्रक किंवा गंज दिसला की बिलगतं. पाण्यात सोडा असला तर मात्र सोड्याचाच हात धरून चालू लागतं, दगडाला ओळखही दाखवत नाही. आपल्याकडच्या काही जावयांसारखं. तुझ्या ओट्याच्या ग्रॅनाइटमध्येही मुळात कणभर युरेनियम असणारच, म्हणजे तूही आमच्यातलीच.

काकांना नमस्कार. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
यशोधरा

मळवली, २० जानेवारी

चि. यशोधरास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आधी यांनी फोडलं. आजवर लाइटबिलाखेरीज काही वाचलं नाही, पण हे दोनदा वाचलं आणि शेजारच्या महिपतीलाही नेऊन दाखवलं. दुसऱ्या दिवशी गवंडी दारात हजर. घरात विष नको म्हणाले, ओटा उचकटला आणि टेम्पोत घालून कुठे नेला ते सांगत नाहीत. गॅस पुन्हा जमिनीवर, मी पुन्हा पाटावर. उठताना भिंत धरावी लागते. मला रडू आलं, ते तुलाच सांगते.

माझ्या गुडघ्यांची काळजी यांना कधी वाटली नाही, मग जिवाची एकाएकी कशी वाटायला लागली? विष आहे की नाही ते सरळ लिही. गमती पुरेत.

राग आहे, पण माया आहे तेवढीच आहे.

सरूमावशी

हैदराबाद, २७ जानेवारी

ती. कोंडाजीकाकांस सा. न. वि. वि.

युरेनियमचा प्रश्न तुम्ही एका गवंड्यात सोडवलात हे ऐकून आमचे सर थक्क झाले. आम्ही इतकी वर्षं उगाच पूड हलवतोय. काका, ओट्यातलं युरेनियम इतकं थोडं, की त्यावर जन्मभर भाकऱ्या थापल्या तरी काही होत नाही. थोडंफार तुमच्या भातखाचरातल्या मातीतही असतं. ती कधी भरताय टेम्पोत?

मावशीचा ओटा परत बसवा. नेलात कुठे, तेही कळवा.

तुमचा थोडा लोभ तिच्या गुडघ्यांवरही असावा.

यशोधरा

मळवली, ५ फेब्रुवारी

चि. यशोधरास आशीर्वाद.

तू शिकलीस खूप, पण व्यवहार कळत नाही. चांगला ओटा टाकून द्यायला मी खुळा नाही. स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यावर शनिवार-रविवार मुंबईचे पाहुणे भाड्यानं उतरतात. त्यांना बागेत उघड्यावर स्वयंपाक करायची हौस असते, म्हणून तिथे बसवला. फार शोभतो. पाहुणे दोन दिवसच खातात, त्यांना काही बाधणार नाही. तुझ्या पत्रामुळे सरूबाईला समजावणं सोपं गेलं, त्याबद्दल आभार. तिला पुढेमागे साधा कडप्पा घालून देऊ.

हे तिला कळवू नये. बाकी लोभ आहेच.

कोंडाजी

मळवली, २४ फेब्रुवारी

चि. यशोधरास अनेक आशीर्वाद.

यांचं पत्र तू माझ्याकडे धाडलंस ते पोचलं. या वेळी पोस्टमनला आधीच सांगून ठेवलं होतं.

वाचलं आणि परात, तवा घेऊन बंगल्यावर गेले. शनिवारच्या पाहुण्यांना पिठलं-भाकरी करून वाढली. जाताना ते पुढच्या खेपेलाही मावशीच हव्यात असं यांनाच सांगून गेले. घरी चूल बंद. दोन दिवस यांनी वडापाववर काढले, मग महिपतीला मध्यस्थ म्हणून घेऊन बंगल्यावर आले. लोक काय म्हणतील, ओटा घरी हलवतो, वगैरे. गवंड्याने सांगितलं, आता काढला तर दगड फुटेल. मी महिपतीसमोरच बोलले, "वटा हितंच ऱ्हाईल अन् मी बी हितंच. कडप्पा तुमी घरी घाला, अन् तुमीच बसा थापत."

आता पाहुण्यांची जेवणं उरकली की शेवटी येऊन बसतात. विषाचं नाव नाही, भाकरी मात्र दोन मागून घेतात. मग घरी झोपायला जातात. बंगल्याची किल्ली माझ्या कनवटीला असते.

तू ये. उभ्यानं करून वाढीन.

सरूमावशी