कापडी द्राक्षांची विरळणी

गुरुवार, संध्याकाळ

आज संगीत नाटकाच्या तालमीत माझे कापडी द्राक्षघड मांडवाला टांगले. नायिकेचं गाणं त्याच मांडवाखाली आहे. दिग्दर्शिका मृणाल शेवटच्या रांगेतून ओरडली, "काकू, द्राक्षं कुठायत? मला तर चिंध्या लोंबताना दिसतायत!" सगळे हसले, मीही हसले. पण प्रयोग परवावर आलाय.

घरी आणून पाहिलं तेव्हा कळलं. मी घड विरळ केले होते! बागेत मण्यांना फुगायला जागा हवी म्हणून मधले मणी काढून टाकतो, अगदी तसेच. आता कापडाचे मणी कुठे फुगणार? हे होते तोवर दोघांनी मिळून विरळणी केली, हाताला दुसरं सुचतच नाही.

मग एका घडाला लिंबाएवढे मणी शिवले, कापूस ठासून भरला, खेटून बसवले. गॅलरीत टांगला आणि रस्त्यापलीकडे जाऊन बघितला. द्राक्षंच! बाकीचे उद्या होतील.

असा गच्च घड बागेत दिसला असता तर हे दिवसभर कुरकुरले असते. ती कुरकुर आज ऐकायला आवडली असती. तरी आणखी दोन मणी कोंबलेच.