शनिवारचं कॅरिअर

अहो,

तुम्ही शिंगणापूरला तेल वाहून घरी याल, तेव्हा मी मुळा धरणावर असेन. गाडी मीच नेलीय.

दिवाळीत वल्हवायच्या दोन कयाक आणल्या, एक तुमची, एक माझी. टपावर कॅरिअर बसलं की निघू, म्हणालात. आज सकाळपर्यंत त्यांच्यावर आईंच्या कुरडया वाळत होत्या. तुम्हाला सुट्टी शनिवारची, आणि शनिवारी लोखंड विकत घ्यायचं नाही! म्हणून मी ॲल्युमिनियमचं कॅरिअर शोधलं, तर त्याचे नटबोल्ट लोखंडाचे आहेत म्हणालात. रविवारी मी एकटी जाऊन आणते म्हटलं, तर म्हणे, "तुला टपाचं माप कळायचं नाही." यायचंच नसेल तर तसं सांगायचं होतं, शनिदेवाला कशाला मधे घालता?

कुरडया पाटीत काढून ठेवल्यात, तेवढं आईंना सांगा. भाजी झाकून ठेवलीय, भाताचा कुकर तुम्ही लावा.

कॅरिअरची आता घाई करू नका. ते दोन कयाकना लागत होतं. एकीला खाली गोधडी आणि वरून दोरी, एवढं पुरलं.

पंकजा