मुकाट बसलेल्या खुडूक

आई, एका खुडूक कोंबडीची खरी किंमत मी तुला एकदा बोटांवर मोजून दाखवली होती. एकवीस दिवस ती अंड्यांवरून हलत नाही, पुढं दोन महिने पिल्लांमागं फिरते, आणि तेवढे दिवस नव्या अंड्याचं नाव नाही. चुलीपुढं बसून तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "आन् ती बसलीच नसती तर तुझ्या कोंबड्या आल्या कुठून रं?" पेठकडच्या त्या घरात चुलीमागच्या पाटीत तुझी तांबडी अंड्यांवर रवणीला बसलेली असायची, जवळ गेलं की अंग फुगवून कुडुककुडुक करायची. तिच्याच पिल्लांवर मी नाशिकजवळ पहिली शेड उभी केली.

मग मला खूळ लागलं, खुडूक न होणारी जात करायची. शाळा आठवीपर्यंत, पण कान तिखट. रोज सकाळी शेडच्या दारात उभं राहून कुडुककुडुक कुठून येतंय ते हेरायचो; ती कोंबडी त्याच दिवशी बाजारात. तिची अंडी उबवायला ठेवायचीच नाहीत. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या आणि शेड शांत झाली. "माझ्या कानांना चुकवून एक खुडूक राहायची नाही," हे मी देवळाली कॅम्पच्या गिऱ्हाइकांपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सांगत सुटलो. तुझी तांबडीही अगदी सुरुवातीलाच अशी बाजारात गेली. तू म्हणालीस, "तिनं काय चोरी केली व्हती? बसलीच ना?" पाहुणे समोर होते. मी हसत म्हणालो, "आई, तूही आता जरा गप्प बस की."

पाहुणे हसले. तू बसलीस गप्प. पुढं शहरातल्या घरी राहायला आलीस, तेव्हाही "आमच्या आईची कधी कुरकुर नाही" असं मी कौतुकानं सांगायचो. मग एका दुपारी तुला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. पोटात गाठ, नारळाएवढी. डॉक्टर विचारतात, "यांना कधीपासून दुखतंय?" मी म्हणतो, "परवापासून."

गेल्या महिन्यात विद्यापीठातली एक मुलगी आली. काही कोंबड्या खुडूक का होत नाहीत, ते ती त्यांच्या रक्तातून शोधतेय. मी नेहमीचं पुराण सुरू केलं. ऐकता ऐकता तिनं अंडी घालायच्या डब्यात बसलेल्या एका कोंबडीखाली हात घातला.

"काका, ही खुडूक आहे. पोटाची पिसं उपटलीत हिनं. बघा, कातडी कशी तापलीय."

"अगं, मग ओरडत का नाही?"

"ओरडणाऱ्या तुम्ही बाजारात धाडल्या ना! मुकाट बसणाऱ्यांचीच पिल्लं होत गेली. आवाज तेवढा गेला, काका. खुडूक आहे तिथंच."

अंडी कमी पडायची त्याचा दोष मी इतकी वर्षं उन्हाला देत होतो.

आता त्या दारात उभं राहवत नाही. एवढी शांतता, आणि आत कोण कशी बसलीय कळत नाही. घरात तुझ्या रिकाम्या खोलीवरून जातानाही पाय थबकतो, कान लावतो, काही नसतं. रोज सकाळी एकेका डब्यात हात घालून बघतो. पोट गरम लागलं की हात काढवत नाही.

तुला लिहिलेला हा कागद खाद्याच्या गोणींमागं राहील. डॉक्टरांना सांगितलेलं ते "परवापासून" मी तिथल्या तिथं ठोकून दिलं होतं. मला माहीतच नव्हतं.

त्या मुलीनं त्या दिवशी सगळे डबे तपासले. एकोणीस खुडूक निघाल्या. मी दारातच उभा होतो. मला एकही ऐकू आली नव्हती.