वच्छलेच्या मडक्यातलं खमीर

मु. अहेरी, श्रावण, १९५५

सौ. सुगंधाबाईंना गुणवंताचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचा गुडघा, तुमची म्हैस अन् तुमचा राग, तिन्ही ठिकाणावर असतील अशी आशा. तुमच्या मालकाले, लटारूभाऊले, चार दिवसांसाठी पाठवलं, ते महिना झाला तरी परत काऊन येत नाईत, असं तुम्ही विचारलं. त्याचाच खुलासा करून राह्यलो.

गेल्या साली तुमची बहीण वच्छला गेली, तेरवीनंतर तिचं आंबिलीचं मडकं तुम्ही नेलं. त्याआधी मी तळाचं बोटभर खरवडून भट्टीच्या प्रयोगशाळेत नेलं होतं. (मी तिथी मोहाच्या दारूसाठी खमीर पोसतो. तुम्ही गावात मले कारकून सांगता, ते मले ठाऊक आहे.) खमिराचं खाणं म्हणजे बटाट्याचं पाणी, साखर अन् थिजावं म्हणून चिनी गवत. वरून तेजाबाचे दोन थेंब टाकले की बाकीचे जंतू टिकत नाईत, खमीर तेवढं तगते. (माझ्या तापट स्वभावापुढं वच्छला तगली, तसंच.) काचेच्या बशीत पांढरे ठिपके उगवले. झाकण उघडलं की तिच्या चुलीजवळचा वास ये. मी रोज उघडू लागलो. साहेब रागावले, म्हणून बशी घरी आणली. अन् लटारूभाऊनं ती खोबऱ्याची वडी समजून गुळासोबत खाल्ली. बशी चाटून पालथी घालून ठेवली.

मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. दिवेलागणीले भट्टीवरून आलो, तं चुलीपासून लटारूभाऊचा आवाज आला, "पाय धुतले का? मंग घरात या." वच्छला रोज हेच म्हणे. लटारूभाऊ स्वतःचे पाय कधी धुतात, हे तुमच्याहून कोणाले माहीत? मी गुपचूप धुतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तांदळाच्या ढोलीत कोपरापर्यंत हात घातला अन् तिची कुंकवाची डबी काढली. ती मी वर्षभर धुंडून राह्यलो होतो. कुठून काढली म्हणून विचारलं, तं म्हणतात, "कोणती डबी?" अन् डबी हातातच. अंगावर काटा आला, बाई. अन् खोटं काऊन बोलू, बरंही वाटलं.

पण आता ते तिच्यासारखं बोलणं कमी कमी होऊन राह्यलं. काल नुसतं "पाय" म्हणाले अन् बिडी पेटवली.

घरच्या सगळ्यांले नमस्कार.
तुमचा, गुणवंत

ता. क. लटारूभाऊले येत्या मोटारीनं नक्की पाठवतो.

ता. क. आणखी एक. ते मडकं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पाठवा. धुऊ नका. तळाशी थोडं तरी खमीर राह्यलं असंल.

ता. क. घासून ठेवलं असंल, तं मले कळवू नका. लटारूभाऊले दिवाळीपर्यंत इथीच राहू द्या. मी पाय धुऊनच घरात जात जाईन.